स्पेशल स्कूल संपलं, आता पुढे काय? नागपुरातल्या आईबाबांसाठी आणि भावाबहिणींसाठी

माझ्या लहान भावाला बौद्धिक दिव्यांगत्व आहे. तो 18 चा झाला त्या वर्षी एप्रिलमध्ये शाळेत निरोप समारंभ झाला, गुलाबाचं फूल, ग्रुप फोटो, आलुपोहे, सगळं छान झालं. आणि मग जूनच्या शेवटी शाळेची गाडी आमच्या घरासमोरून नेहमीच्या वेळेला निघाली, हॉर्न वाजला, पण थांबली नाही. तो डबा घेऊन फाटकाजवळ उभा होता. असा तो 9 दिवस उभा राहिला, रोज स्वतः आंघोळ करून, भांग पाडून. दहाव्या दिवशी उठलाच नाही.

त्यानंतरचे 14 महिने घरात गेले. टीव्ही, मोबाईल, झोप. वजन वाढलं, शर्टाची बटणं स्वतः लावायचा ते सोडून दिलं, रस्ता ओलांडायला शिकला होता तो पुन्हा आईचा हात धरू लागला. आज तो 24 चा आहे आणि चार वर्षांपासून कामाला जाऊन राहिला, पण ते 14 महिने भरून काढायलाच आमचं दीड वर्ष गेलं, म्हणून हे लिहितेय. ज्यांचं लेकरू आत्ता 15-16 चं आहे त्यांनी तर नक्की वाचा.

तर पहिली गोष्ट म्हणजे, 18 पूर्ण व्हायची वाट बघू नका. शाळेत असतानाच, म्हणजे शेवटची दोन-तीन वर्षं, टीचरना स्पष्ट विचारा की आता अक्षरं गिरवण्यापेक्षा कामाच्या सवयींवर किती वेळ देता येईल. एका जागी दोन तास बसणं, घड्याळ नाही कळलं तरी डब्याची सुट्टी संपली की परत जागेवर येणं, टॉयलेटला जायचं असेल तर सांगणं, अनोळखी माणसाला मिठी न मारणं, काम संपलं की "झालं, आता काय करू" असं विचारणं. दुकानदाराला याचीच गरज असते. माझ्या भावाला त्याचं नाव लिहिता येतं पण कामावर चार वर्षांत ते फक्त सहीपुरतं लागलं, "झालं" म्हणणं मात्र दिवसातून वीस वेळा लागतं.

शाळा सोडताना नुसता दाखला घेऊन येऊ नका. शेवटच्या वर्षाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा, म्हणजे आयईपी, त्याची कॉपी मागा, व्होकेशनलच्या वर्गात काय काय केलं ते लिहून मागा, आणि मोबाईलवर त्याचे काम करतानाचे व्हिडिओ घ्या, एक-एक मिनिटाचे. आमच्याकडे एकही व्हिडिओ नव्हता, मी नंतर घरी बसवून काढले. कुठेही गेलो की समोरचा पहिल्यांदा चेहरा बघतो आणि मनात नाही म्हणून टाकतो, व्हिडिओ दाखवला की निदान दोन प्रश्न तरी विचारतो.

आता कागदं. हे कंटाळवाणं आहे पण यातच बरेच जण अडकतात. सगळ्यात आधी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र. स्वावलंबन कार्डच्या वेबसाइटवर अर्ज करायचा आणि मग सरकारी हॉस्पिटलमध्ये तपासणी, आपल्याकडे मेडिकल किंवा मेयो. लहानपणी काढलेलं सर्टिफिकेट तात्पुरतं असेल तर त्याची मुदत बघा, बहुतेकांच्या ते लक्षातच नसतं आणि ऐन ॲडमिशनच्या वेळी कळतं. कार्डाचा रंगही वेगवेगळा असतो, दिव्यांगत्वाच्या 40 ते 80 च्या मधल्या टक्क्यांना पिवळं, 80 आणि पुढे निळं, 40 च्या खाली पांढरं. बहुतेक सवलतींना आणि आरक्षणाला 40 टक्के ही खालची रेघ आहे.

टक्क्यांबद्दल एक सांगते कारण यावरून माझी आई फार रडली होती. भावाच्या कार्डावर 75 आहे. आईला वाटलं की म्हणजे पोरगं फक्त 25 टक्केच कामाचं. तसं अजिबात नसतं हो. बौद्धिक दिव्यांगत्वात ठरलेले टप्पे आहेत, सौम्य असेल तर 50, मध्यम असेल तर 75, तीव्र असेल तर 90 असे आकडे लिहिले जातात, ते सवलतींसाठी आहेत. तो खोके घडी करू शकतो की नाही हे त्या आकड्यात कुठेच लिहिलेलं नाही.

दुसरं, 18 पूर्ण झाले की कायद्याच्या नजरेत आईवडील आपोआप पालक राहत नाहीत. हे बँकेत गेल्यावर कळतं. आम्हाला एका बँकेत चार वेळा परत पाठवलं, सही जुळत नाही, गार्डियनचं पत्र आणा, मग ते पत्र चालत नाही. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व, या चार गटांसाठी 1999 चा नॅशनल ट्रस्ट कायदा आहे, त्यात जिल्ह्याची लोकल लेव्हल कमिटी पालकत्वाचं प्रमाणपत्र देते, कलेक्टर तिचे अध्यक्ष असतात, आणि कमिटीत एक संस्थेचा माणूस आणि एक स्वतः दिव्यांग व्यक्ती असते. त्यासाठी कोर्टात जावं लागत नाही. पण माझं मत विचाराल तर ज्याला स्वतःचं खातं थोड्या मदतीने चालवता येतं त्याच्यासाठी घाईने गार्डियन होऊ नका, आधी त्याच्याच नावाने खातं उघडायचा प्रयत्न करा, पगार स्वतःच्या पासबुकात जमा झालेला बघणं याची सर कशालाच नाही. याच कायद्याखाली निरामय नावाचा आरोग्य विमा आहे, वर्षाला 1 लाखापर्यंत, घ्यायच्या आधी मेडिकल टेस्ट लागत नाही, तो काढूनच ठेवा.

आता पुढचा रस्ता कोणता? हे लेकरू बघून ठरतं, शेजारच्यांचं बघून नाही.

ज्यांचा प्रॉब्लेम मुख्यतः लर्निंग डिसॅबिलिटीचा आहे, म्हणजे वाचायला लिहायला अडचण पण समज चांगली, त्यांनी शिक्षण सोडू नये. बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, गणिताला कॅलक्युलेटर अशा सवलती आहेत, शाळेमार्फत वेळेत मागाव्या लागतात. रेग्युलर दहावी झेपत नसेल तर एनआयओएस, म्हणजे केंद्राचं मुक्त विद्यालय आहे, तिथे पाच विषय घ्यायचे आणि 5 वर्षांत 9 वेळा परीक्षेला बसता येतं, एका वेळी एकच विषय दिला तरी चालतं. 14 वर्षांच्या पुढच्यांसाठी त्यांचं ओपन बेसिक एज्युकेशन पण आहे, तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीचे तीन टप्पे. आठवीचं सर्टिफिकेट हातात असलं की शिवणकामासारखे आयटीआयचे काही ट्रेड उघडतात. शासकीय आयटीआय श्रद्धानंदपेठेत आहे, ॲडमिशन ऑनलाइनच होते पण फॉर्म भरायच्या आधी लेकराला घेऊन एकदा वर्कशॉप प्रत्यक्ष बघून या. मशीनचा आवाज सहन होतो का तेवढं तरी कळेल. कॉलेजात जाणाऱ्यांसाठी 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांमध्ये 5 टक्के जागा ठेवल्या आहेत आणि वयात 5 वर्षांची सूट आहे.

ऐकू न येणाऱ्या मुलांचं वेगळं असतं, त्यांना ट्रेनिंग बरंच जमतं, डीटीपी, वेल्डिंग, शिवण, अडचण येते ती शिकवणाऱ्याला साइन येत नाही म्हणून, तर ॲडमिशनच्या आधी हाच प्रश्न विचारा.

ज्यांना दहावी-आठवी शक्य नाही, जसा माझा भाऊ, त्यांच्यासाठी पहिला थांबा म्हणजे कार्यशाळा, 18 वर्षांपुढच्यांसाठी संस्था चालवतात त्या. पणत्या रंगवणं, राख्या, कागदी पिशव्या, फिनाइल, फाइली. मी कार्यशाळेच्या विरोधात नाही, घरी बसण्यापेक्षा शंभर पटीने बरी, पण तिथे जाऊन तीन गोष्टी बघा. मुलं खरंच काम करतायत की शिक्षिकाच पणती रंगवून देतायत. माल विकला जातो का आणि त्यातून मुलांच्या हातात दर महिन्याला काही पडतं का. आणि मागच्या पाच वर्षांत इथून कोणी बाहेर कामाला लागलं का. तिसऱ्याचं उत्तर "नाही" असेल तर तिथे घाला पण स्वतः बाहेर शोधत राहा.

नागपुरात केंद्र सरकारचं सीआरसी आहे, संयुक्त प्रादेशिक केंद्र, तिथे तपासणी, थेरपी आणि कौशल्य प्रशिक्षणाची माहिती मिळते. जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात जाऊन चालू योजनांचे फॉर्म विचारा, महापालिका आणि जिल्हा परिषदेला आपल्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो, त्यातून कधी शिलाई मशीन, कधी झेरॉक्स मशीन निघतं. राज्यात 2022 पासून वेगळा दिव्यांग कल्याण विभाग पण झालाय. सिव्हिल लाइन्समध्ये कौशल्य विकास आणि रोजगार केंद्र आहे, महास्वयं पोर्टलवर नाव नोंदवलं की त्यांच्या रोजगार मेळाव्यांचे मेसेज येतात. केंद्राचं एनसीएस, म्हणजे नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल आहे, त्यावरही नोंदणी फुकट आहे. दोन्हीकडे नाव टाका, आणि टाकून विसरून जा, कारण आमच्या ओळखीत ज्यांना ज्यांना काम लागलं त्या सगळ्यांना ते पायी फिरून लागलं.

ट्रेनिंगच्या बाबतीत सावध राहा. आमचा एक अनुभव असा आहे की तीन महिन्यांचा कोर्स होता, रोज हजेरीला अंगठा, फोटो, आणि शेवटी हाऊसकीपिंगचं सर्टिफिकेट. तीन महिन्यांत त्याच्या हातात झाडू एकदाच आला, फोटोसाठी. तर कोर्स सुरू व्हायच्या आधीच विचारा की प्रत्यक्ष काम किती तास, कोणत्या जागेवर, आणि संपल्यावर कोणाकडे पाठवणार त्या जागेचं नाव सांगा.

सरकारी नोकरीचं म्हणाल तर 4 टक्के आरक्षण आहे, त्यातला शेवटचा 1 टक्का ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व, लर्निंग डिसॅबिलिटी, मानसिक आजार आणि बहुदिव्यांगत्व या सगळ्यांना मिळून. त्या 1 टक्क्यात लर्निंग डिसॅबिलिटीवाला ग्रॅज्युएट आणि माझा भाऊ एकाच रांगेत आहेत. दहावी-बारावी झालेल्यांनी फॉर्म जरूर भरावे, लेखनिक घ्यावा, पण त्याच्यावर घर अडकवून ठेवू नये.

आता मुख्य मुद्दा, काम शोधायचं कसं. मी आधी चूक करत होते, दुकानात जाऊन विचारायची "माझ्या भावासाठी काही काम आहे का, तो स्पेशल आहे". समोरचे भले लोक असायचे, पाणी विचारायचे, आणि "बघतो ताई" म्हणायचे. मग एका जुन्या व्होकेशनल टीचरनी मला सांगितलं की अख्खं काम मागूच नको, कामाचा तुकडा माग. म्हणजे काय, तर दुकानात अर्धा तास नुसती उभी राहा आणि बघ की चांगला पगार घेणारा माणूस कोणत्या फालतू कामात अडकून पडलाय. मी शंकरनगरच्या बाजूला एका मिठाईच्या दुकानात बघितलं, काउंटरवरचा पोरगा ग्राहक उभे असताना खोके घडी करत होता. सपाट पुठ्ठे येतात ना गठ्ठ्यात, त्यांची घडी घालून, कान आत खोचून डबा करायचा. मी मालकांना म्हटलं की भाऊ, हे काम माझा भाऊ करेल, तुमचा माणूस काउंटरला मोकळा होईल, 15 दिवस बघा. त्यांनी व्हिडिओ बघितला आणि सोमवारी आणा म्हणाले.

असे तुकडे नागपुरात जागोजागी आहेत. धंतोली-रामदासपेठेत इतकी हॉस्पिटलं, तिथे चादरी घडी करणं, फाइली नंबराने लावणं. इतवारीत मसाला-सुकामेवा वजन करून पाकिटं सील करणं. नर्सरीत पिशव्या भरणं. हॉटेलच्या किचनमध्ये लसूण सोलणं, कांदे निवडणं. लॉन्ड्रीत टॅग लावणं. हिंगणा-बुटीबोरीच्या मोठ्या कंपन्यांत जाणार असाल तर एचआरला त्यांची इक्वल ऑपॉर्च्युनिटी पॉलिसी, म्हणजे समान संधीचं लेखी धोरण मागा, 2016 च्या कायद्याने ती खासगी कंपनीलाही लागू आहे आणि 20 किंवा जास्त लोक असतील तर दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी कोणती पदं योग्य आहेत ते त्यात लिहायचं असतं, त्यासाठी एक अधिकारीही नेमायचा असतो. बऱ्याच ठिकाणी कोणी मागितलेलीच नसते.

पहिल्या दिवसांत काय लागतं ते सांगते. भावाला 12 च्या पुढे मोजता येत नाही, आणि दुकानात खोके 25-25 चे थप्पे करून ठेवायचे असतात. पहिल्या दिवशी कधी 19, कधी 31. मालकाचा चेहरा बघून मला वाटलं संपलं. त्या रात्री आम्ही घरी जुन्या प्लायवर मार्करने 25 चौकोन आखले, पाचच्या पाच ओळी, प्रत्येक चौकोनात एक डबा ठेवायचा, सगळे चौकोन भरले की "झालं" म्हणायचं आणि थप्पा उचलून रॅकवर. दुसऱ्या दिवशीपासून एकही चूक नाही. आता तो प्लाय न बघता बरोबर 25 लावतो, कसं ते मला माहीत नाही, हाताला कळत असावं. तर जिथे अडलं तिथे लेकराला रागवायच्या आधी कामाची मांडणी बदलून बघा. मोजता येत नाही तर चौकोन आखा, वाचता येत नाही तर रंगाची पट्टी लावा, वजनकाट्यावर बरोबर आकड्याचा फोटो चिकटवा.

आणि पहिले 10-15 दिवस घरचं किंवा शाळेचं कोणीतरी सोबत बसलंच पाहिजे, ही सुट्टी आधीच काढून ठेवा. मात्र तुम्ही त्याच्याशी कमी बोला, दुकानातल्या एका माणसाला त्याच्याशी बोलायची सवय लागू द्या. नाहीतर तुम्ही निघाल्या दिवशी काम बंद.

जाणं-येणं हे वेगळं ट्रेनिंग आहे, आमचं याला सात आठवडे लागले. घराजवळ आंबेडकर चौक मेट्रो स्टेशन, तिथून ॲक्वा लाइनने थेट शंकरनगर, गाडी बदलायची नाही, म्हणून हेच दुकान निवडलं होतं खरं तर. पहिल्या आठवड्यात मी बाजूला बसले. मग समोरच्या सीटवर. मग त्याच डब्यात दुसऱ्या टोकाला. मग बाजूच्या डब्यात, काचेतून मान लांब करून. मग मी आधीच शंकरनगरला जाऊन उभी. त्याला पाटी वाचता येत नाही, पण झाशी राणी चौकाची अनाउन्समेंट झाली की तो बॅग मांडीवर घेतो, इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स झालं की उभा राहतो. हे त्याने स्वतः बसवलं. खिशात लॅमिनेट केलेलं कार्ड असतं, नाव, दोन फोन नंबर आणि "मी कामावर जातोय, मदत लागल्यास फोन करा" एवढंच. हे ट्रेनिंग मे महिन्यात, नवतप्यात सुरू करू नका, लेकरू उन्हाने चिडतं आणि मग त्याला रस्त्याचाच राग येतो. दसऱ्याला दीक्षाभूमीची गर्दी असते, मेट्रोत पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा मी अजूनही सोबत जाते. खेड्यातून येणाऱ्यांना एसटीत दिव्यांगांची 75 टक्के सवलत आहे, कार्ड सोबत ठेवा.

पैशाचं बोलायला लाजू नका. मिठाईच्या दुकानाच्या आधी एका ठिकाणी त्याने पाच महिने काम केलं, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, आणि मिळायचा चहा, नाश्ता आणि ऑटोचे पैसे. "शिकून राहिला नं अजून" असं म्हणायचे. पाच महिने. मीही गप्प राहिले कारण वाटायचं निदान बाहेर तर पडतोय. आता मी सगळ्यांना सांगते, पहिल्या दिवशीच ठरवा की ट्रायल किती दिवसांची, त्यानंतर किती, आणि ते व्हॉट्सॲपवर का होईना लिहून घ्या. अर्धा दिवस काम असेल तर अर्ध्या दिवसाचा पगार, पण पगार. ईएसआयसी, म्हणजे कर्मचारी राज्य विमा लागू असलेल्या जागी दिव्यांग कर्मचाऱ्याला 25 हजार पगारापर्यंत त्याचा फायदा मिळतो, बाकीच्यांना ही मर्यादा 21 हजार आहे. संजय गांधी निराधारचे पैसे मिळत असतील तर त्यात उत्पन्नाची अट असते, म्हणून काम सुरू करायच्या आधी तहसीलमध्ये जाऊन विचारून घ्या, मागून वसुलीची नोटीस येण्यापेक्षा ते बरं.

घरचा धंदा काढायचा असेल तर राज्याचं दिव्यांग वित्त आणि विकास महामंडळ कमी व्याजाने कर्ज देतं. फक्त खरं सांगा, दुकान कोण चालवणार? आई चालवणार आणि लेकरू मागे स्टुलावर बसणार असेल तर तो आईचा धंदा झाला. त्यातही त्याला एक पक्कं काम द्या, दळणाच्या डब्यांना चिठ्ठ्या लावणं म्हणा किंवा दुधाच्या पिशव्या मोजून देणं.

मध्येच काम सुटूही शकतं. लॉकडाउननंतर आमच्या ओळखीतली तीन मुलं घरी बसली ती बसलीच. त्यामुळे काम सुटलं तरी सकाळची वेळ सोडू नका, तीच आंघोळ, तोच डबा, तीच बॅग, आणि घराबाहेर दोन तास, मंदिरात झाडायला जाऊ दे, वाचनालयात पेपर लावू दे, काहीही.

शोधायला सुरुवात करणार असाल तर गणपती बसायच्या थोडं आधी निघा. तेव्हापासून दिवाळीपर्यंत मिठाई, कपडे, गिफ्ट, सगळ्या दुकानांना हात कमी पडतात आणि मालक ट्रायलला हो म्हणतो. सकाळी 11 ते 12 च्या मध्ये जा, तेव्हा ग्राहक कमी असतात. लेकराला पहिल्या दिवशी नेऊ नका, आधी तुम्ही एकट्या जाऊन बघा, मग व्हिडिओ घेऊन जा, आणि तिसऱ्यांदा त्याला घेऊन जा, इस्त्रीचा शर्ट घालून, बटणं त्यालाच लावू द्या, वेळ लागला तरी.